नायट्रेट : शून्य

देवपुरात, दुसऱ्या मजल्यावर,
गॅलरीच्या आतल्या खोलीत
माझा दोनशे लिटरचा समुद्र आहे.
मीठ सुरतेहून येतं, लक्झरीच्या डिकीतून.
मे महिन्यात धुळं पंचेचाळीसवर गेलं
की मी त्यात गोठवलेल्या बाटल्या सोडतो
आणि रात्री दोनला उठून बदलतो.

शेजारच्या कस्तुराबाई दारातूनच म्हणतात,
‘खारं पानी कोनी पाळस का, भाऊ?
आमना गावनी इहीर खारी व्हयनी ते लोके रडनात.’

फाल्गुनात वाळूवर तपकिरी साय धरली.
मग दगडांवर दोरे, शेंबडासारखे,
आणि दोऱ्याच्या टोकाला एकेक बुडबुडा.
स्वच्छ माणूस करतो ते सगळं मी केलं.
घासलं, उपसलं, निम्मं पाणी बदललं,
माशांचं खाणं अर्ध्यावर आणलं.
कस्तुराबाईंच्या नातवाला, लोकेशला,
काचेला बोटसुद्धा लावू दिलं नाही.
दर धुण्यानंतर ते दुप्पट आलं.
दिवा गेला की नाहीसं,
सकाळी दहाला हजर,
आमच्या लॅबच्या डॉक्टरांपेक्षा वक्तशीर.

गोगलगायी काचेवरून सुटू लागल्या.
तळाच्या दगडावर शंख पडतो तेव्हा
बारीकसा आवाज होतो,
झोपेत ऐकू येईल एवढाच.
सात मोजल्या. पुढे मोजल्या नाहीत.

डॉक्टर जेवायला गेले तेव्हा
हातमोजे घालून एक थेंब लॅबमध्ये नेला,
रक्ताच्या स्लाइड बाजूला सारून
चाळीसच्या भिंगाखाली धरला.
तिळाएवढे दिसणारे जीव,
एका टोकाने कशाला तरी बांधलेले,
घाण्याला जुंपल्यासारखे गोल गोल.
बावीस वर्षं मी इथे मलेरिया शोधतो आहे.
इतकं रमलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

मग पाण्याचा रिपोर्ट काढला, स्वतःच्याच नावाने.
नायट्रेट : शून्य. फॉस्फेट : शून्य.
जिथे कुणालाच खायला काही उरत नाही
तिथे हेच तेवढे जगतात,
आणि ते शून्य
मी दीड वर्ष घासून घासून आणलं होतं.

कृषी केंद्रात तेरा-शून्य-पंचेचाळीस मागितलं,
केळीच्या ठिबकला सोडतात ते.
दुकानदाराने पावती पुस्तक ओढलं,
‘वावर कितलं शे?’
मी म्हणालो, अर्धा चमचा पुरेल.
त्याने पेन खाली ठेवलं.

तीन दिवस टाकीवर गोधडी.
बायको म्हणाली, आत बाळंतीण आहे का?
पंप इन्व्हर्टरवर, दिवा बंद,
खोलीत नुसता पाण्याचा आवाज
आणि ओल्या शिंपल्याचा वास,
जो या शहरात दुसरीकडे कुठे येत नसावा.
चौथ्या दिवशी नाशिकचा सुभान एसटीने आला.
स्टीलच्या डब्यात त्याच्या टाकीतली वाळू होती,
काळपट, किडे वळवळणारी, सात वर्षं न धुतलेली.
कस्तुराबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं.
‘हाई ते इरजन शे,’ त्या म्हणाल्या,
आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आल्या.

लोकेशला स्टुलावर उभा केला.
त्याने मूठभर खाणं टाकलं,
माझा हात उठला आणि तसाच राहिला.
मासे आधी बिचकले.

महिना गेला. एक प्रवाळ पांढरं पडलं ते पडलंच,
जांभळं होतं, सगळ्यात महागडं.
दोरे अजून एका कोपऱ्यात आहेत, दुपारी दिसतात.
पण काचेवर हिरवा थर चढलाय,
साधा, कुठल्याही हौदावर असतो तसा,
आणि त्यातून उरलेली एकुलती गोगलगाय
वाकडीतिकडी वाट काढत चालली आहे.
तिच्या मागून मी फडकं फिरवत नाही.

नायट्रेट : पाच.
लोकेशने आकडा वाचून दाखवला.
कस्तुराबाईंनी विचारलं, ‘आते गोड व्हयनं का पानी?’

नाही हो. खारंच आहे.